बाळाच्या कातडीवर आईचा आजार

१९५४ साली 'आर्काइव्ह्ज ऑफ डर्मटॉलॉजी अँड सिफिलॉलॉजी' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात चार पानांचा एक लेख छापून आला. लेखक होते मॅकक्विस्चन आणि शॉक हे दोन डॉक्टर. विषय एकाच रुग्णाचा, एका तान्ह्या बाळाचा. त्याच्या अंगावरचे चट्टे 'डिस्कॉइड ल्युपस' या मोठ्या माणसांच्या त्वचारोगातल्या चट्ट्यांसारखे दिसत होते. नवजात बाळाला ल्युपस व्हावा ही गोष्ट तेव्हा कुणाच्या डोक्यात बसणारी नव्हती, म्हणून लेखकांनी शीर्षकाची सुरुवातच 'संभाव्य' या सावध शब्दानं केली होती. मात्र त्याच शीर्षकाच्या उत्तरार्धात खरी बातमी होती: पुढे त्या बाळाच्या आईला तीव्र स्वरूपाचा, सगळं शरीर ग्रासणारा ल्युपस झाला.

आधी बाळ, मग आई. हा क्रम चक्रावून टाकणारा होता. आईचा आजार मुलाकडे जातो हे समजण्यासारखं आहे, पण इथं आई बाळंत झाली तेव्हा धडधाकट होती आणि तिच्या आजाराची पहिली खूण तिच्या नव्हे, बाळाच्या कातडीवर उमटली होती. त्या खुणेचा अर्थ नीट लावायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ तीस वर्षं लागली. आणि तो लागला तेव्हा असं दिसलं की या कहाणीच्या मध्यभागी बाळापेक्षा आईच उभी आहे.

ल्युपस हा तेव्हा काही नवा आजार नव्हता. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या काझनाव्ह यांनी १८५१मध्ये 'ल्युपस एरिथेमॅटोसस' हे नाव रूढ केलं. व्हिएन्नाच्या मोरिट्झ कापोसी यांनी १८७२मध्ये दाखवून दिलं, की हा आजार त्वचेपुरता थांबत नाही. ताप, सांधेदुखी, अशक्तपणा असं करत तो जिवावरही उठतो. १९४८ साली मेयो क्लिनिकमधल्या माल्कम हारग्रेव्हज यांच्या पथकाला ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विलक्षण पेशी दिसली. या पांढऱ्या पेशीनं दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळलेलं होतं. तिला 'एल. ई. पेशी' म्हणू लागले आणि ल्युपसच्या निदानाला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाचा आधार मिळाला. रुग्णांत दहापैकी नऊ बायका, त्याही बहुतेक तरुण, म्हणजे ऐन बाळंतपणाच्या वयातल्या. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते, अशी समजूत हळूहळू आकार घेत होती. पण असं उलटायला वर्षं लागतात. आठ-पंधरा दिवसांच्या बाळाला तेवढा वेळ मिळाला कुठून?

त्या काळातल्या डॉक्टरांपुढे असं बाळ आलं, की त्यांच्या मनात काय काय येत असेल याचा अंदाज बांधता येतो. गोल चट्टे म्हणजे आधी गजकर्ण. डोक्यावर खपल्या असतील तर बाळाच्या टाळूवर येतो तसला तेलकट कोंडा. नाहीतर इसब. आणि यांपैकी काहीच जुळलं नाही, तर जन्मजात सिफिलिस, म्हणजे उपदंश. नियतकालिकाच्या नावातच 'सिफिलॉलॉजी' होतं, कारण त्वचारोगाचे डॉक्टरच तेव्हा उपदंशाचे डॉक्टर असत.

उपदंशाच्या या संशयानं किती बायकांच्या संसारात विष कालवलं असेल, याची कुठे नोंद नाही. झालं होतं असं. १९३५पासून अमेरिकेतल्या एकेका राज्यानं लग्नाआधी रक्ताची तपासणी सक्तीची केली. उपदंशाची बाधा कधीच झालेली नाही, अशा काही माणसांचे अहवालही 'पॉझिटिव्ह' येऊ लागले. जॉन्स हॉपकिन्समधले जोसेफ अर्ल मूर हे उपदंशाचे मोठे जाणकार. त्यांनी अशा खोट्या पॉझिटिव्ह व्यक्तींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९५५मध्ये त्यांनी आणि लुट्झ यांनी जे प्रसिद्ध केलं, ते थक्क करणारं होतं: या मंडळींतल्या काही बायकांना पुढे ल्युपस झाला. म्हणजे त्यांच्या रक्तात उपदंशाचा जंतू नव्हता, ल्युपसची पूर्वतयारी होती. अशा एखाद्या बाईच्या बाळाच्या तोंडावर चट्टे आले आणि तिचा रक्ताचा जुना अहवाल 'पॉझिटिव्ह' निघाला, तर घरच्यांनी आणि डॉक्टरांनीही तिच्याकडे कोणत्या नजरेनं पाहिलं असेल, हे सांगायला नको.

हे चट्टे नेमके दिसतात कसे, हे जवळून पाहायला हवं, कारण निदान तिथंच हुकतं. बहुतेकदा बाळ जन्मतं तेव्हा अंग स्वच्छ असतं. काही आठवड्यांनी डोळ्यांभोवती लाली येते. वरच्या पापणीपासून गालाच्या हाडापर्यंत ती पसरते आणि बाळानं चष्मा लावल्यासारखं दिसतं. कपाळावर, कानशिलांवर, डोक्यावर गोल किंवा लंबगोल चकत्या उठतात. कडा लाल आणि किंचित उचललेली, तिच्यावर बारीक पापुद्रे, मधला भाग फिका आणि सपाट. काही ठिकाणी कातडी पातळ होऊन तिच्याखालच्या केसासारख्या रक्तवाहिन्या दिसू लागतात. बाळ मात्र खुशाल असतं, दूध पितं, झोपतं, खाजवत नाही. सावळ्या वर्णावर ती लाली नीट उठून दिसत नाही. तिथं चट्टा तपकिरी, जांभळट किंवा नुसताच फिकट वाटतो आणि निदान आणखी अवघड होतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या अशा ५७ बाळांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पुरळ सरासरी सहाव्या आठवड्यात लक्षात आलं होतं आणि ते सरासरी १७ आठवडे टिकलं होतं. चेहरा एकाही बाळाचा सुटला नव्हता, त्यातही डोळ्यांभोवतीची जागा सगळ्यांत आघाडीवर.

गजकर्ण की ल्युपस हे ठरवायला एक सोपी गोष्ट हाताशी असते. चट्ट्याची कड खरवडून तो भुगा काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का ते बघायचं. धागे दिसले नाहीत आणि बुरशीच्या मलमानंही चट्टे हटले नाहीत, तर पुढचा प्रश्न आईला विचारायचा असतो. तो प्रश्न विचारायचं फार काळ कुणाला सुचलं नाही.

इकडे त्वचारोगाचे डॉक्टर चट्ट्यांचा विचार करत असताना, रुग्णालयाच्या दुसऱ्या टोकाला हृदयरोगाचे डॉक्टर वेगळ्याच कोड्यात अडकले होते. १९०१ साली उरुग्वेच्या मोंतेविदेओ शहरातले बालरोगतज्ज्ञ लुइस मोर्किओ यांनी एका आजाराचं वर्णन केलं: मुलांची नाडी कायम संथ, अधूनमधून मूर्च्छा, आकडी आणि मग एकाएकी मृत्यू. एकाच घरातल्या भावंडांत तो दिसत होता. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेला विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे खालचे कप्पे आपल्या संथ गतीनं धडधडत राहतात. याला 'हार्ट ब्लॉक' म्हणतात. हृदयाचा विद्युत आलेख काढायचं यंत्र आल्यावर १९०८ मध्ये व्हान डेन ह्यूव्हेल यांनी जन्मजात हार्ट ब्लॉकचा आलेख नोंदवला. १९२८ साली आयलवर्ड यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हार्ट ब्लॉक असलेल्या दोन सख्ख्या भावंडांची हकिगत लिहिली आणि जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवली: त्यांच्या आईला मिकुलिट्झचा आजार होता. यात लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी सुजतात. आज आपण ज्याला शोग्रेन सिंड्रोम म्हणतो, त्याच्याशी हे वर्णन जवळचं आहे.

आयलवर्ड यांची ती नोंद सोन्याच्या मोलाची होती. पण पुढची कित्येक वर्षं ती तशीच पडून राहिली. बालरोगतज्ज्ञ बाळाकडे बघत, आईच्या सुजलेल्या ग्रंथी दुसऱ्या डॉक्टरांचा विषय. हल, बिन्स आणि जॉइस यांनी १९६६मध्ये ल्युपस झालेल्या आईच्या बाळातला हार्ट ब्लॉक थेट आईच्या आजाराशी जोडला. १९७७मध्ये मॅक्क्यू आणि शमायडेस यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी अशा अनेक कुटुंबांची माहिती एकत्र मांडली, तेव्हा कुठे हा योगायोग नाही याबद्दल हृदयरोगतज्ज्ञांची खात्री पटली.

तर आईकडून बाळाकडे जात होतं तरी काय? याचं अर्धं उत्तर १९५४ सालीच मिळालं होतं. ज्या वर्षी 'संभाव्य ल्युपस'चं ते बाळ छापील पानावर आलं, त्याच वर्षी ब्रिज आणि फोली यांनी दाखवलं, की ल्युपस असलेल्या आईच्या रक्तातला, एल. ई. पेशी तयार करणारा घटक वार ओलांडून बाळाच्या रक्तात पोहोचतो. १९५७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये बर्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी दोन उदाहरणं दिली. काही आठवड्यांत तो घटक बाळाच्या रक्तातून आपोआप नाहीसा होई.

रक्तातून दुसऱ्याचा आजार उसना घेता येतो, हे याच सुमारास एका तरुण डॉक्टरनं स्वतःच्या अंगावर प्रयोग करून सिद्ध केलं होतं. अमेरिकेतल्या सेंट लुई शहरातल्या विल्यम हॅरिंग्टन यांनी, प्लेटलेट्स नष्ट होण्याचा आजार असलेल्या बाईचं रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांत त्यांच्या प्लेटलेट्स धोकादायक पातळीपर्यंत कोसळल्या आणि आठवडाभरानं पुन्हा जाग्यावर आल्या. असा आजार असलेल्या आयांची बाळंही कमी प्लेटलेट्स घेऊन जन्मत आणि काही आठवड्यांत बरी होत. हे सगळे घटक म्हणजे प्रतिपिंडं, रोगप्रतिकार यंत्रणेनं बनवलेली प्रथिनं. आईची प्रतिपिंडं वारेतून झिरपत नाहीत, त्यांना मुद्दाम वाहून नेणारी यंत्रणा असते, हा सिद्धान्त वेल्समधल्या बँगर इथले प्राणिशास्त्रज्ञ ब्रँबेल यांनी १९५०च्या दशकाअखेर मांडला. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून ही वाहतूक वाढत जाते आणि दिवस भरेपर्यंत बाळाच्या रक्तातली 'आयजीजी' प्रतिपिंडं आईपेक्षाही जास्त होतात. ही निसर्गाची तजवीज बाळाच्या भल्यासाठी आहे. गोवर, घटसर्प, धनुर्वात यांच्याशी लढायची आईची सगळी शिदोरी अशीच पोहोचते. अडचण एवढीच, की नेणाऱ्याला मित्र आणि शत्रू यांतला फरक कळत नाही.

तरीही कोडं सुटत नव्हतं. ल्युपस असलेल्या बहुतेक आयांची बाळं ठणठणीत जन्मत होती, रक्तात एल. ई. घटक असूनही अंगावर एक चट्टा नसे. उलट ज्यांच्या बाळांना चट्टे येत, त्यांतल्या कितीतरी आयांना ल्युपस नसेच, आणि नेहमीच्या तपासण्याही 'निगेटिव्ह' येत. म्हणजे आईच्या रक्तात असं काहीतरी होतं, जे तपासणीच्या जाळ्यात अडकतच नव्हतं.

ते पकडणारं जाळं अमेरिकेतल्या बफलो शहरात विणलं गेलं. १९६९ साली क्लार्क, राइक्लिन आणि टोमासी यांनी ल्युपसच्या काही रुग्णांच्या रक्तात एक नवं प्रतिपिंड ओळखलं. ते ज्या प्रथिनाला चिकटत होतं, त्याला त्यांनी रुग्णाच्या नावातली पहिली दोन अक्षरं दिली: 'रो'. १९७४मध्ये मॅटिओली आणि राइक्लिन यांनी त्याच रीतीनं 'ला' शोधलं. १९७५मध्ये अल्स्पॉ आणि टॅन यांनी शोग्रेन सिंड्रोमच्या रुग्णांत 'एसएस-ए' आणि 'एसएस-बी' ही प्रतिपिंडं शोधली. चार वर्षांनी दोन्ही प्रयोगशाळांनी नमुने अदलाबदल करून पाहिले, तेव्हा रो म्हणजेच एसएस-ए आणि ला म्हणजेच एसएस-बी निघालं. नेहमीच्या तपासणीत रो प्रतिपिंड सापडत नव्हतं याचंही कारण उघड होतं. त्या तपासणीसाठी उंदरा-घुशींच्या अवयवांचे काप वापरत आणि त्या पेशींत रो फारच कमी असतं. मानवी प्लीहेचा अर्क वापरला, की ते लगेच पकडीत येई.

चाचणी साधीच होती. काचेच्या बशीत अगारचा पातळ थर, त्यात पाडलेले छोटे खळगे. मधल्या खळग्यात प्लीहेचा अर्क, भोवतीच्या खळग्यांत वेगवेगळ्या माणसांचा रक्तद्रव. बशी झाकून ठेवायची. अर्क आणि रक्तद्रव अगारमधून एकमेकांकडे सरकतात आणि जिथं जुळणारं प्रतिपिंड भेटतं तिथं एक बारीक पांढरी रेघ उमटते. १९८१मध्ये कोलोराडोतल्या विल्यम वेस्टन यांच्या गटानं आणि स्वतंत्रपणे प्रोव्होस्ट यांच्या गटानं चट्टे असलेल्या बाळांचे आणि त्यांच्या आयांचे रक्तद्रव या कसोटीला लावले. आईच्या खळग्यापुढे रेघ आली. बाळाच्या खळग्यापुढेही आली. दोन्ही रेघा टोकाला टोक लावून एक झाल्या, म्हणजे दोघांच्या रक्तातलं प्रतिपिंड एकच होतं. काही महिन्यांनी बाळाची रेघ नाहीशी झाली, तोवर चट्टेही गेले होते. आईची रेघ तशीच राहिली.

१९८३मध्ये लीड्सचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स स्कॉट आणि सहकाऱ्यांनी हार्ट ब्लॉक असलेल्या मुलांच्या आयांच्या रक्तातही रो प्रतिपिंड दाखवलं. त्वचारोगवाले आणि हृदयरोगवाले तीस वर्षं 'नवजात ल्युपस' या एकाच आजाराची दोन टोकं धरून बसले होते, हे आता स्पष्ट झालं. एकाच आईचं एक मूल चट्टे घेऊन येतं, दुसरं हार्ट ब्लॉक घेऊन, तिसरं अगदी निरोगी. जुळ्यांतलंही एक बाळ आजारी आणि दुसरं निर्धोक असू शकतं. १९८७मध्ये आणखी एक धागा मिळाला: थोड्या बाळांत रो नसतं, 'यू-१ आरएनपी' नावाचं वेगळं प्रतिपिंड असतं.

चट्टे जातात आणि हार्ट ब्लॉक राहतो, हा फरक समजून घेणं प्रत्येक आईबापासाठी महत्त्वाचं आहे. कातडी सतत नवी होत असते. परकी प्रतिपिंडं तीन-तीन आठवड्यांनी निम्मी होत सहा ते आठ महिन्यांत संपतात आणि खालून नवी त्वचा वर येते. काहींना पातळ रक्तवाहिन्यांच्या खुणा किंवा फिके डाग मागे उरतात, तेवढंच. हृदयातली विद्युतसंदेश वाहणारी ऊती मात्र एकदा जळून तिथं वण पडला, की पुन्हा उगवत नाही. हे नुकसान बहुधा गरोदरपणाच्या १८व्या ते २४व्या आठवड्यात होतं. यातल्या सुमारे पाचव्या हिश्शाची मुलं दगावतात आणि वाचलेल्यांपैकी बहुतेकांना पेसमेकर बसवावा लागतो. रो प्रतिपिंड असलेल्या सगळ्या आयांचा विचार केला, तर हार्ट ब्लॉकचा धोका साधारण दोन टक्के आहे.

चट्टे तोंडावरच का येतात, याचं उत्तर उन्हात सापडलं. १९८४मध्ये लेफीबर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या पेशींवर अतिनील किरण सोडले. एरवी पेशीच्या आत दडलेली रोसारखी प्रथिनं किरण पडल्यावर पृष्ठभागावर आली आणि प्रतिपिंडं त्यांना जाऊन चिकटली. १९८९मध्ये डेन्व्हरच्या लेला ली यांच्या गटानं उंदरांवर मानवी त्वचेचं कलम करून त्यांच्या रक्तात शुद्ध रो प्रतिपिंड सोडलं; ते नेमकं त्या कलमाच्या पेशींत जाऊन बसलं. तरीही ऊन हे एकमेव कारण नव्हे. कधीच ऊन न लागलेल्या जागीही चट्टे येतात आणि काही बाळं तर ते घेऊनच जन्मतात.

उन्हाचा मुद्दा निघाला, की एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १९५६च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणातल्या उन्हात नेत. एका बाळाचं अंग फिकं पडलं होतं, पण चादरीचा कोपरा जिथं पडला होता, तेवढा तुकडा काविळीनं पिवळाच राहिला होता. त्यावरून क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९५८मध्ये कावीळ उतरवणाऱ्या दिव्याखालची उपचारपद्धती मांडली. आज ती जगभर लाखो बाळांचा मेंदू वाचवते. मात्र रो प्रतिपिंड घेऊन आलेल्या एखाद्या बाळाला कावीळ झाली आणि त्याला दिव्याखाली ठेवलं, तर दोन-चार दिवसांत चट्टे फुलून येतात, अशी उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. बाळाला दिव्याची गरज असेल तर तो द्यावाच लागतो. फक्त त्यानंतर चट्टे उठले, तर ते दिव्यानं भाजलं म्हणून सोडून देऊ नयेत.

मराठी घरांत हा प्रश्न आणखी जवळचा आहे. तेल लावून, न्हाऊ घालून, धुरी देऊन झाली की बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसायची आपली जुनी रीत. बहुतेक बाळांचं त्यानं काही बिघडत नाही. पण उन्हानं वाढणारे हे चट्टे दिसू लागले, की घरात जी चर्चा सुरू होते, ती ठरलेली: बाळंतिणीनं काहीतरी उष्ण खाल्लं, डाळीचं पीठ सोसलं नाही, दृष्ट लागली, न्हाणाऱ्या बाईंनी चोळताना जोर लावला. मग बाळंतिणीचं जेवण आणखी तोडलं जातं, आणि बुरशीचं मलम आणून थापलं जातं. भारतातल्या त्वचारोगाच्या नियतकालिकांतही गजकर्ण किंवा इसब समजून उपचार झालेल्या अशा बाळांच्या हकिगती छापल्या गेल्या आहेत. दोष देण्याची पद्धत पन्नासच्या दशकातल्या अमेरिकेत वेगळी होती, आपल्याकडे वेगळी आहे. बोट मात्र दोन्हीकडे आईकडेच वळलं. तिच्या खाण्यात किंवा वागण्यात काही चुकलेलं नसतं. तिनं तपासून घ्यायला हवं असतं तिचं रक्त.

या आयांची आणि मुलांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचं श्रेय न्यूयॉर्कच्या डॉ. जिल ब्युऑन यांना जातं. १९९४मध्ये त्यांनी नवजात ल्युपसची संशोधन नोंदवही सुरू केली. त्या आधीचा सगळा इतिहास एकेका रुग्णाच्या हकिगतींचा होता. कुणी एक बाळ लिहिलं, कुणी दोन. नोंदवहीमुळे पहिल्यांदाच प्रश्नांना आकड्यांत उत्तरं मिळाली. नवजात ल्युपसमुळे आलेले चट्टे हा किरकोळ प्रकार आहे, असं डॉक्टर पूर्वी सांगत. बाळापुरतं ते खरंही आहे. पण २०१० साली इझमिर्ली आणि सहकाऱ्यांनी चट्टे आलेल्या बाळांच्या आयांची पुढची ७७ बाळंतपणं तपासली, तेव्हा सुमारे १८ टक्के बाळांच्या हृदयाला इजा झाली होती आणि ३० टक्के बाळांना पुन्हा चट्टे आले होते. पहिल्या बाळाचे चट्टे म्हणजे दुसऱ्या बाळाच्या हृदयासाठी आधीच मिळालेली सूचना होती. ज्या घरात त्या चट्ट्यांना नुसतं 'गर्मीचं पुरळ' म्हटलं गेलं, तिथं ती वाया गेली.

ही सूचना वेळेवर पोहोचली, तर आता हाती काही उपाय आहे. मलेरियासाठी निघालेलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध ल्युपसच्या रुग्णांना अनेक दशकं दिलं जातं. एका बाळाला हार्ट ब्लॉक झालेल्या आयांना पुढच्या गरोदरपणात दहाव्या आठवड्याच्या आत रोज ४०० मिलिग्रॅम सुरू करून ब्युऑन आणि इझमिर्ली यांच्या गटानं एक चाचणी घेतली. निकाल जुलै २०२०मध्ये आला: पुनरावृत्तीचं प्रमाण पूर्वीच्या १८ टक्क्यांवरून ७.४ टक्क्यांवर उतरलं, ५४ पैकी चार बाळं. चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही तिची मर्यादा. पण गरोदर आयांना गोळी नाकारून नुसतं ताटकळत ठेवणं कुणालाही जड गेलं असतं.

त्याच २०२० साली या गोळीची काय परवड झाली, हे भारतातल्या रुग्णांना चांगलं ठाऊक आहे. करोनावर ती चालते असा गवगवा झाला आणि मार्चमध्ये दुकानांतून ती एकाएकी गायब झाली. जगात ही गोळी सर्वांत जास्त बनवणाऱ्या देशांत भारत आहे, तिच्या मोठ्या उत्पादकांपैकी एका कंपनीचं मुख्यालय मुंबईत आहे. केंद्र सरकारला २५ मार्चला निर्यात थोपवावी लागली. लॉकडाउनमध्ये ल्युपस असलेल्या बायका एका औषधाच्या दुकानातून दुसऱ्या दुकानात विचारत फिरत होत्या. करोनावर या गोळीचा उपयोग नाही, हे पुढे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालं.

रो प्रतिपिंड असलेल्या गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी १६व्या ते २६व्या आठवड्यात वारंवार करतात. अमेरिकेत डॉ. बेटिना क्युनिओ यांनी आयांना घरी छोटं डॉपलर यंत्र देऊन बाळाचे ठोके रोज स्वतः ऐकायला शिकवलं. ठोक्यांची लय बिघडून पूर्ण ब्लॉक व्हायला काही वेळा एखादाच दिवस लागतो, म्हणून आठवड्यातून एकदाची तपासणी पुरत नाही. चट्टे घेऊन आलेल्या बाळाचा हृदयाचा आलेख काढतात, यकृत आणि प्लेटलेट्स तपासतात, ऊन टाळायला सांगतात. फार तर सौम्य स्टेरॉइडचं मलम देतात. अशी मुलं मोठी झाल्यावर २००२ साली त्यांचा आढावा घेतला गेला. काहींना सांध्यांचे, थायरॉइडचे किंवा सोरायसिससारखे आजार निघाले, पण ल्युपस कुणालाही झाला नव्हता.

आयांचं चित्र वेगळं आहे. बाळ झालं तेव्हा काहीही त्रास नसलेल्या आयांचा पाठपुरावा नोंदवहीतून झाला आणि २००९मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत त्यांना ल्युपस होण्याची शक्यता सुमारे १९ टक्के होती, शोग्रेन सिंड्रोम होण्याची २८ टक्के. म्हणून बाळाचे चट्टे गेले की फाइल बंद करायची नसते. आईला संधिवाताच्या तज्ज्ञाकडे पाठवायचं असतं. तोंडाला आणि डोळ्यांना कोरड पडते का, सकाळी बोटं आखडतात का, उन्हात गेल्यावर गालांवर लाली येते का, लघवीतून प्रथिनं जातात का, हे दर काही महिन्यांनी बघायचं असतं, आणि पुढच्या वेळी दिवस राहिले तर प्रसूतितज्ज्ञाला पहिल्याच भेटीत मागच्या बाळाच्या चट्ट्यांविषयी सांगायचं असतं.